खुनी कोण ते कळलं, पण पटलं का?

‘ब्रॉडचर्च’ या ब्रिटिश मालिकेच्या शेवटावरून वाचकांत सरळ दोन तट पडलेत. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: २०१३ साली आयटीव्हीवर आलेली, आठ भागांची मालिका. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं छोटं गाव, कड्याखालच्या वाळूत अकरा वर्षांच्या डॅनी लॅटिमरचा मृतदेह सापडतो. तपासाला दोघं: बाहेरून आलेला हार्डी आणि गावातलीच एली मिलर. पुढच्या उत्तरांत खुन्याचं नाव उघड होतं, तेव्हा मालिका बघायची राहिली असेल तर पान इथंच दुमडा.

‘‘माका काय शेवट पटलो नाय. सात भाग कधी पेपरवाल्याकडे बोट, कधी पाद्र्याकडे, कधी डॅनीच्या बापाकडे. आणि आठव्यात एकदम एलीचो घोव! ही फसवणूक न्हय तर काय?’’ (एक वाचक, मालवण)

फसवणूक आणि हुलकावणी यांत फरक करायला हवा. खुन्यापर्यंत नेणारी गोष्ट प्रेक्षकाला दाखवलीच नाही, तर ती फसवणूक. दाखवली, पण त्या क्षणी आपलं लक्ष दुसरीकडे वळवलं, तर ती हुलकावणी, आणि हुलकावणी देणं हे रहस्यकथेचं कामच आहे.

आता हिशेब मांडू. डॅनी गेल्याचं कळल्याबरोबर एलीचा मुलगा टॉम फोनवरचे डॅनीचे मेसेज पुसून टाकतो. हे पहिल्याच भागात, कॅमेऱ्यासमोर घडतं. म्हणजे एलीच्या घरात काहीतरी दडलंय हे आपल्याला पहिल्या तासात सांगितलंय. डॅनीच्या खोलीत रोख पाचशे पौंड सापडतात, म्हणजे कुणीतरी मोठं माणूस त्याला पैसे देत होतं. शेवटाकडे येताना एली सुझन राइट या बाईला विचारते, की नवरा घरात मुलीवर अत्याचार करत होता आणि तुला कळलं कसं नाही? हाच प्रश्न पुढं एलीवरच उलटतो. एवढं असताना लेखकानं काही लपवलं असं म्हणता येत नाही.

तरीही तुमची तक्रार पूर्ण खोटी नाही. हे सगळे दुवे एलीच्या घराकडे बोट दाखवतात, तिचा नवरा ‘जो’ याच्याकडे नव्हे. हा जो बहुतेक वेळ तान्ह्या मुलाला घेऊन स्वयंपाकघरात दिसतो आणि त्याच्या वागण्यात पकडण्यासारखं फार कमी आहे. आमच्या मते शेवट न्याय्य आहे, पण पाया थोडा पातळ.

हे तुम्हालाही तपासता येईल. मालिका दुसऱ्यांदा बघताना फक्त खुन्यावर नजर ठेवा. तो ज्या ज्या प्रसंगात आहे तिथं दोनदा विचारा: हा निर्दोष असता तर असाच वागला असता का, आणि दोषी असता तर? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली तर प्रसंग पक्का. दोषी माणूस तिथं तसा वागलाच नसता असं वाटलं, तर लेखकानं खुनी आयत्या वेळी बदलला असावा किंवा खुन्याचं काम करणाऱ्या नटालाच गोष्ट माहीत नव्हती. जोचे प्रसंग या कसोटीला बहुतेक उतरतात.

‘‘खुनी आठव्या भागाच्या सुरुवातीलाच कळतो. मग उरलेला वेळ नुसती रडारड. तपासमालिका तपास संपला की संपायला नको?’’ (वाचक, गुहागर)

नको. निदान या मालिकेत तरी नको. खुनी जो आहे हे आपल्याला कळतं तेव्हा एलीला काहीच माहीत नसतं. त्या क्षणापासून ‘कोण’ हा प्रश्न संपतो आणि ‘हिला कोण सांगणार, कधी सांगणार’ हा सुरू होतो. हार्डी तिला चौकशीच्या खोलीत बसवून सांगतो तो प्रसंग बघा. पार्श्वसंगीताचा मारा नाही, मोठी वाक्यं नाहीत. ती आधी मानतच नाही, मग पोटातून उन्मळून येतं. सात भाग इतरांच्या घरी वाईट बातमी घेऊन जाणारी बाई इथं बातमी ऐकणारी झाली आहे. हे दहा मिनिटांत उरकलं असतं तर आधीची सगळी उभारणी वाया गेली असती.

पहिल्या भागात डॅनीचा बाप सकाळी बाजारपेठेतून चालत कामाला निघतो आणि कॅमेरा न थांबता त्याच्याबरोबर जातो. वाटेत प्रत्येक जण ‘काय, कसं काय’ करत भेटतो. पुढचे अर्धेअधिक संशयित त्या एका चालण्यात भेटून जातात, पण आपण ते गाव म्हणून बघतो, यादी म्हणून नाही. अशी ओळख करून दिलेल्या गावाचं पुढं काय झालं हे दाखवणं लेखकावर बंधनकारक होतं.

‘‘दुसऱ्या पर्वात जो चक्क सुटतो. कबुली दिलेली असताना? आपल्याकडे असं झालं असतं का?’’ (वाचक, वेंगुर्ले)

मालिकेत न्यायालय कबुलीजबाब बाजूला ठेवतं, कारण अटकेनंतर एलीनं जोला ठाण्यातच मारहाण केलेली असते. कबुली मारून घेतली असावी, असं बचाव पक्ष म्हणतो आणि ते टिकतं. पुढं ज्युरी त्याला निर्दोष ठरवते.

आपल्याकडे वकिलाला एवढी मेहनत घ्यावीच लागली नसती. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरताच येत नाही. मारहाण झालेली असो वा नसो. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ ते २७ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आलं. एक खिडकी उघडी आहे: आरोपीनं कोठडीत सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेला भाग पुराव्यात येतो. ‘मी मारलं’ हे चालणार नाही. ‘कोयता माडाच्या आळ्यात पुरलाय’ असं सांगितलं आणि पंचांसमक्ष तो तिथं निघाला, तर तेवढं चालेल. खरी कबुली हवी तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली. ‘कबुली देणं तुला बंधनकारक नाही आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल’ अशी समज मॅजिस्ट्रेटनं आधी द्यावीच लागते.

म्हणून आपल्या मालिकांत इन्स्पेक्टर कानाखाली देतो, आरोपी सगळं ओकतो आणि शीर्षकगीत वाजतं, तेव्हा समजा की खटला नुकताच हातचा गेला.

‘‘आपल्या मराठी रहस्यमालिकांची सुरुवात जबरदस्त असते आणि शेवट फुसका. लेखक कमी पडतात का?’’ (वाचक, सावंतवाडी)

लेखकांपेक्षा साचा कमी पडतो. आठ भागांची मालिका लिहून पूर्ण झाल्यावर चित्रित होऊ शकते. रोजची मालिका सुरू होते तेव्हा ती शंभर भागांची की पाचशेची, हे कुणालाच ठाऊक नसतं. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि त्यावर कथेचं सुकाणू फिरतं. आकडे चढले की खुन्याचं नाव पुढं ढकललं जातं, घसरले की घाईनं संपवायचा आदेश येतो. अशात पहिल्या महिन्यात पेरलेला दुवा दहाव्या महिन्यात उगवायचा कसा? ज्या पात्राला लोकांनी उचलून धरलं त्याला खुनी करायची हिंमत वाहिनी करत नाही, आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यातल्या पात्राच्या गळ्यात गुन्हा पडतो.

तुमच्याच भागातली ‘रात्रीस खेळ चाले’ बघा. २०१६ साली आकेरीच्या वाड्यात सुरू झाली. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं ते पुढं न जाता मागं गेलं, आणि अण्णा नाईक जिवंत असतानाचा काळ दाखवला. चाल हुशारीची होती. शेवट लोकांना आधीच ठाऊक असल्यानं ‘कोण’ हा भार उतरला आणि ‘असं का झालं’ यावर मालिका उभी राहिली. रोजच्या मालिकेला हा साचा जास्त मानवतो.

‘‘आम्ही पाच-सहा जण मिळून सहा भागांची छोटी वेबमालिका लिहितोय. पहाटे किनाऱ्यावर मृतदेह सापडतो, अशी सुरुवात आहे. काय सांभाळावं?’’ (वाचकगट, दापोली)

आधी शेवटाकडून लिहा. खुन्यानं त्या रात्री मिनिटामिनिटाला काय केलं याचं टिपण पहिलं. त्यातलं काय कुणाला दिसलं, ते दुसरं. पोलिसांना ते कुठल्या भागात कळतं, ते तिसरं. ही तीन टिपणं जुळल्याशिवाय संवाद लिहायला बसू नका. संवाद लिहिले की माणूस त्यांच्या प्रेमात पडतो आणि मग चुकीची वेळ सुधारायला हात धजत नाही.

किनाऱ्यावरच्या गोष्टीत सगळ्यात जास्त चुका भरती-ओहोटीच्या होतात. आपला जुना हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. ठिकाणानुसार थोडं मागंपुढं होतं, पण कथेला पुरेसं. समजा खुनी मध्यरात्री मृतदेह वाळूत टाकतो. त्या रात्री पौर्णिमा असेल तर पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती नुकतीच उतरू लागलीय. पाणी मागं हटत जाईल, ओल्या वाळूतले पायांचे ठसे उघडे राहतील आणि पुढची भरती दुपारी बाराच्या सुमारास. पहाटे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला आलेल्यांना ठशांसकट सगळं मिळेल. तेच अष्टमीला केलं तर? आठाची पाऊणपट सहा. संध्याकाळी सहाला भरती होऊन गेली, मध्यरात्री ओहोटी, सकाळी साडेसहाच्या आसपास पुन्हा भरती. पाण्याच्या कडेला ठेवलेला मृतदेह पहाटेपर्यंत पाण्यात आणि ठसे साफ. अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, असल्यानं पाणी पौर्णिमेच्या उधाणासारखं वरपर्यंत चढत नाही, हेही धरा. तिथी बदलली की पुरावा बदलतो. आणि रात्र पौर्णिमेची असेल तर ‘अंधारात चेहरा दिसला नाही’ असं साक्षीदाराच्या तोंडी घालू नका.

दुसरी चूक मोसमाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, बोटी ओढून वर घेतलेल्या असतात. जुलैच्या रात्री ट्रॉलरवरून मृतदेह खोल समुद्रात नेला, तर पहिला प्रश्न तुमच्या शेजारच्या हर्णै बंदरातलाच प्रेक्षक विचारेल. उलट बंदीच्या काळात एकच बोट पाण्यात दिसणं, हा फुकटात मिळालेला दुवा आहे.

तिसरी चूक मोबाइलची. कंपनीच्या नोंदींतून टॉवर कळतो, घर नाही. डोंगरामागच्या वाडीत एक टॉवर कित्येक वाड्यांना पुरवतो. ‘लोकेशन याच खोलीचं दाखवतंय’ असं हवालदार म्हणाला की तिथंच मालिका सुटली.

पंचनाम्याला पंच गावातले घ्या, ठाण्यातला हवालदार नको. नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. ते चित्रीकरणच तुमच्या पाचव्या भागाचा धागा होऊ शकतं. त्यात मागं उभ्या असलेल्या गर्दीत कोण आहे ते बघा.

‘‘गळा दाबल्याचा पुरावा म्हणून डॉक्टर ‘गळ्याचं हाड मोडलंय’ सांगतात, ते बरोबर का?’’ (वाचक, देवगड)

म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत बरोबर असू शकतं. लहान मुलांत आणि तरुणांत ते हाड लवचीक असतं, गळा दाबला तरी बहुतेकदा मोडत नाही. तिथं डॉक्टरांनी मानेवरचे नखांचे-बोटांचे व्रण आणि डोळ्यांतले बारीक रक्ताचे ठिपके बघावेत.