शीत आघाडी येते म्हणजे काय, आणि तुरीची गंजी कधी झाकायची?

वरुड आणि दर्यापूर भागातून सध्या एकच विचारणा होते आहे: "बातम्यांत शीत आघाडी येणार म्हणतात. थंडी तर गव्हाला मानवते, मग पाऊस आणि गारपिटीचा इशारा कशासाठी?"

प्रश्न रास्त आहे. थंड हवा जड असते. ती पुढे सरकते तेव्हा समोरच्या उबदार, दमट हवेच्या खाली पाचरीसारखी घुसते आणि तिला झपाट्याने वर ढकलते. या दोन हवांच्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. वर गेलेली हवा थंडावते, बाष्पाचे उंच ढग होतात. वर चढणारा वारा जोरदार असला तर गोठलेल्या थेंबांवर बर्फाचे थर चढत जातात, आणि त्याच गारा होऊन पडतात.

युरोपात ही आघाडी ठळक असते. आपल्याकडे ती क्वचितच तशी येते. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे उत्तर भारतात येणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात ढग-पाऊस आणणारे कमी दाबाचे पट्टे, इथवर क्षीण होतात. पण त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे विदर्भात आले, तर त्यांची उत्तरेकडच्या कोरड्या, थंड हवेशी गाठ पडते. फेब्रुवारी-मार्च 2014 ची गारपीट आपण विसरलेलो नाही.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की थंडीची वाट पाहू नका, आधीच्या दिवसांकडे लक्ष द्या. माघात वारा पूर्वेकडून किंवा दक्षिणेकडून वाहू लागला, आभाळ भरून आले आणि रात्री अचानक ऊब वाटू लागली, की सोंगलेली तूर वावरात पसरून ठेवू नका. गंजी उंचवट्यावर लावून ताडपत्रीने झाका, ताडपत्रीच्या कडा दोरीने बांधा. वेचलेला कापूस घरात घ्या. हरभऱ्याचे ओलित थांबवा. काळ्या जमिनीत ओलितावर पाऊस झाला की पाणी साचते आणि मुळे कुजतात. फवारणीही पुढे ढकला, औषध धुऊन जाते. ढगाळ दिवसांत हरभऱ्याचे घाटे पोखरणारी घाटे अळी मात्र वाढते, त्यामुळे उघडीप मिळताच झाडे तपासा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या तरच फवारा.

विजा कडाडू लागल्या की झाडाखाली थांबू नका, काम तसेच टाकून घर गाठा. नागपूर हवामान केंद्राचा इशारा रोज पाहा. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.

पाऊस सरला, वारा उत्तरेचा झाला की खरी थंडी पडते. गव्हाची काळजी नको. भाजीपाला आणि संत्र्याच्या बागेला संध्याकाळी हलके ओलित द्या, पहाटे पालापाचोळ्याचा धूर करा.

गारांनी संत्र्याची साल फाटली असेल तर जखमांतून बुरशी शिरते. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना, ताजे करून त्याच दिवशी फवारा. पण मोडलेल्या फांद्या, गळालेली फळे उचलण्याआधी फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांना कळवा.