वाचकांचे प्रश्न : आईबाबांना कोणता पिक्चर दाखवू?

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला राहते. आईबाबांनी गेल्या दोन-तीन वर्षांत एकही मराठी पिक्चर बघितला नाहीये, म्हणतात आता पूर्वीसारखे निघत नाहीत. २०२५ मधला कोणता दाखवू?

उत्तर : अगं आधी ‘आता थांबायचं नाय’ दाखव, डोळे मिटून. १ मे २०२५ ला आला होता, मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणीतले कामगार दिवसभर राबून रात्रशाळेत जातात नि दहावीला बसतात, खरी घडलेली गोष्ट आहे ही! भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही आहेत, आणि मला तर त्यातलं वह्यापुस्तकं हातात धरणंच इतकं आवडलं की काय सांगू, घरी आल्यावर मी माझी जुनी मार्कशीट शोधून काढली.

मग ‘दशावतार’. दिलीप प्रभावळकर ८१ व्या वर्षी हे करतात म्हणजे हात जोडावेत, नजर कमी झालेला म्हातारा कलाकार रंग लावतो तेव्हा घसा दाटतो. उत्तरार्ध मला जरा लांबला असं वाटलं, पण कोकण फार देखणं आलंय.

‘गुलकंद’ हलकाफुलका आहे, जेवणानंतर लावा.

आणि बाबांना आठवण कर, आपल्याकडे सिनेमा सुरू करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांचा जन्म आपल्या त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. नाशिककरांनी मराठी पिक्चर सोडायचा म्हणजे मला खरंच वाईट वाटतं गं. फक्त थेटरात बघायचा असेल तर पहिल्याच आठवड्यात जात जा, मी एकदा थांबले आणि दुसऱ्या शुक्रवारी सकाळचा एकच शो उरला होता. बाबांना कोणता आवडला ते कळव.