आधी भिंत, मग बंगळुरू

चि. पोरी,

पोहण्याच्या सरावासाठी बंगळुरूला जाऊ का, असं विचारलंस आणि माझं उत्तर यायच्या आत हॉस्टेलची फीसुद्धा कळवलीस. म्हणजे तुझं ठरलंय, माझा फक्त शिक्का हवाय. तो मी इतक्यात मारणार नाही.

ज्युनियर नॅशनल्सला मेडल, सीनियरला हीटमध्येच, म्हणजे पहिल्या फेरीतच बाहेर, आणि १०० मीटर बटरफ्लायचं टायमिंग वर्षभर जागचं हललेलं नाही. ‘धिनिधी देसिंघू चौदाव्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला गेली, मी सोळाची होऊन इथेच,’ हे तुझं वाक्य मला लागलं. अगं, या वयात मुलीचं शरीर बदलतं, पाण्यातला तोल नव्याने सापडावा लागतो, टायमिंग अडकतं. हे तुला माहीत आहे. दोन दिवस रड, नीट जेव, झोप काढ. पुढचं वाच.

आईने पाठवलेला हीटचा व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. ५० मीटरला भिंतीला हात लावलास तेव्हा तू तिसरी होतीस. टर्न मारून पाण्यावर आलीस तेव्हा सहावी. पोहताना तुला कुणीही मागे टाकलं नाही, पाण्याखाली टाकलं! तू सहाएक मीटरवर वर आलीस आणि पहिल्याच स्ट्रोकला श्वास घेतलास. नियम १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहू देतो. स्टार्टचे १५, टर्नचे १५, म्हणजे शंभरातले ३० मीटर डॉल्फिन किकवर, दोन्ही पाय जोडून मारलेल्या लाथांवर, काढता येतात. भिंतीला लाथ मारून निघताना तुझा वेग स्ट्रोक मारतानाच्या वेगापेक्षा जास्त असतो, आणि खोलवर लाटांचा अडथळाही कमी. तो फुकटचा वेग तू डोकं वर काढून सोडून देतेस. आणि मला विचारतेस, सर, स्ट्रोकमध्ये काय बदलू? काही बदलू नकोस. भिंत सुधार.

जिल्हा, राज्य, ज्युनियर नॅशनल्स इथपर्यंत लांब हात आणि लवकर वाढलेली उंची यांवर मेडलं मिळतात. तुला तशीच मिळाली, राग मानू नकोस. सीनियरला सगळ्याच उंच, सगळ्याच दमदार. तिथून वर स्टार्ट, टर्न आणि टच यांवरच निकाल लागत जातात. १९८८, सोल, १०० बटरफ्लाय: अमेरिकेचा मॅट बियोंडी पुढे होता. शेवटी एक स्ट्रोक मारायच्या ऐवजी तो भिंतीपर्यंत घसरत गेला. सुरीनामच्या अँथनी नेस्टीचा हात आधी लागला. ५३.०० आणि ५३.०१. वीस वर्षांनी बीजिंगला त्याच शर्यतीत सर्बियाचा चाविच असाच घसरत गेला, अमेरिकेच्या फेल्प्सने अर्धा स्ट्रोक जास्त मारला. ५०.५८ आणि ५०.५९.

आपल्या घरचं उदाहरण हवं? कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २०१० ला ग्वांगझूत ५० बटरफ्लायला ब्राँझ, खजान सिंगच्या १९८६ च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी एशियाडमध्ये भारताला मिळालेलं जलतरणाचं मेडल. पुढे तहसीलदाराची नोकरी, टँकपासून लांब गेलेली वर्षं. तरीही परत आला आणि २०१८ ला जकार्तात ५० फ्रीस्टाइलला २२.४७ काढले. ब्राँझ घेणाऱ्या जपानी पोराचे २२.४६. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि हिशेब झाला तो टचपॅडवर, हात लागताच घड्याळ थांबवणाऱ्या भिंतीवरच्या पाटीवर. ऑलिंपिकची दारंही अशीच. टोकियोसाठी २०० बटरफ्लायचं ‘ए’ टायमिंग, म्हणजे थेट प्रवेशाची वेळ, १:५६.४८ होतं, साजन प्रकाशने १:५६.३८ काढले. श्रीहरी नटराज १०० बॅकस्ट्रोकला ५३.८५ हवे असताना ५३.७७ वर आत गेला. तू एका टर्नमध्ये याहून जास्त वेळ सांडतेस.

आमच्या काळी टचपॅड नव्हते. राज्य स्पर्धेत पंचांच्या नजरेने मला चौथा ठरवलं. मी तिसरा होतो, हे मी आजही म्हणतो. पण नजरेत भरेल इतका आधी हात लागला असता, तर म्हणत बसावं लागलं नसतं. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या पोरांना मी भिंतीपाशी सतावतो. एका पालकांनी तोंडावर सुनावलं, ‘सर, आम्ही पोहायची फी भरतो, भिंतीला लाथा मारायची नाही,’ आणि पोराला घेऊन गेले. मागोमाग आणखी काही गेले. जरा गोड बोललो असतो तर टिकली असती पोरं, असं कधीमधी मनात येतं. पण टिकून भिंतीपाशी आळसच केला असता, तर त्या टिकण्याचा उपयोग काय? मी हटलो नाही ते बरंच झालं.

टँक पंचवीस मीटरचा आहे ही तुझी तक्रार मला पुरती पटत नाही. सकाळच्या चार किलोमीटरमध्ये तुला दीडशेहून जास्त टर्न मिळतात, पन्नासच्या टँकवाल्या पोरीला त्याच्या निम्मे. तू त्यांचं काय करतेस? शेवटच्या सेटला एका हाताने टच आणि दुसऱ्या हाताने गॉगल वर. शर्यतीत हे केलंस तर डिसक्वालिफाय होशील, बटरफ्लायला दोन्ही हात एकदम लागायला हवेत. दमल्यावर हात जे करतात, तेच फायनलमध्ये करतात. म्हणून दमलेली असतानाच भिंत नीट हवी. पहिल्या सेटला सगळ्यांचीच नीट असते.

लांब टँकची सवय लागते, हे मान्य. नेस्टीच्या देशात पन्नास मीटरचा एकच टँक होता, आणि तोही पुढे अमेरिकेला गेलाच. वीरधवलही बंगळुरूतच घडला. तेव्हा जाऊ नकोस असं मी म्हणत नाही. पण इथली भिंत तशीच घेऊन गेलीस, तर तिथे फक्त फी जास्त पडेल.

या रविवारपासून दर टर्नला निदान दहा मीटर पाण्याखाली, आणि वर आल्यावर पहिल्या स्ट्रोकला श्वास नाही. आधी छातीत आग होईल आणि टायमिंग बिघडेल, त्याला घाबरू नकोस. दहा मीटरवर लेनच्या दोरीला लाल चिंधी बांध, आणि धाकट्याला काठावर बसवून ठेव, तू फसवशील म्हणून.

बंगळुरूच्या कोचला फोन करशील तेव्हा मेडलांची यादी वाचू नकोस. एका लेनमध्ये किती जण असतात, पाण्याखालून व्हिडिओ कोण काढतं, बारावीची परीक्षा आणि नॅशनल्स एकाच वेळी आल्या तर काय करतात, हे विचार. खर्चाचं बोलणं बाबांसमोरच होऊ दे, स्पीकर लावून.