पात्र ठरूनही अपात्र?

प्रश्न असा आला आहे : “‘क्रिस्टल पॅलेस युरोपा लीगसाठी पात्र ठरूनही अपात्र ठरला’ असं वाक्य मी लिहिलं, तर घरचे हसले. यात वदतोव्याघात आहे का? आणि फुटबॉलमधल्या ‘क्वालिफाय होण्या’ला मराठीत ‘पात्र ठरणे’ सोडून काही नाहीच का?”

वाक्य शुद्ध आहे. घडलंही अगदी तसंच. तरी हसू येतं, कारण दोन वेगळ्या गोष्टींचं ओझं आपण एकट्या ‘पात्र’वर टाकलंय आणि या वाक्यात ते बिचारं मधोमध वाकलंय.

आधी प्रसंग, म्हणजे शब्द कुठे अडतो ते दिसेल. १७ मे २०२५ला लंडनच्या वेम्बली मैदानावर एफए कपची, म्हणजे इंग्लंडच्या बाद फेऱ्यांच्या स्पर्धेची, अंतिम लढत झाली. सोळाव्या मिनिटाला एबेरेची एझेने गोल केला, पुढे गोलरक्षक डीन हेंडरसनने ओमर मार्मूशची पेनल्टी अडवली आणि मँचेस्टर सिटीला १-० असं हरवून पॅलेसने आपल्या इतिहासातला पहिला मोठा चषक उचलला. प्रीमियर लीगमध्ये हा संघ बारावा होता, म्हणजे त्या वाटेने युरोपचं दार उघडणं शक्यच नव्हतं. पण एफए कप जिंकणाऱ्याला पुढच्या मोसमात युरोपा लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची, जागा मिळते. ती मिळाली. इथपर्यंत ‘पात्र ठरला’ म्हणायला कुणाचीच हरकत नाही.

मग कागद आले. एकाच मालकाचा निर्णायक प्रभाव असलेले दोन क्लब एका स्पर्धेत खेळू शकत नाहीत, असा युरोपियन फुटबॉल महासंघाचा, म्हणजे यूएफाचा, नियम आहे. जॉन टेक्स्टर यांच्या कंपनीचा पॅलेसमध्ये मोठा हिस्सा होता आणि फ्रान्सचा लियाँ तर त्यांच्याच ताब्यात. लियाँही युरोपा लीगमध्ये. मालकीची घडी बसवायची मुदत होती १ मार्च, म्हणजे चषक हातात येण्याच्या अडीच महिने आधीची. टेक्स्टर यांनी आपला हिस्सा विकला खरा, पण मुदत टळून गेल्यावर. आपापल्या लीगमध्ये लियाँ सहावा आणि पॅलेस बारावा, म्हणून लियाँ राहिला. जुलैत यूएफाने पॅलेसला एक पायरी खाली, कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं, ऑगस्टमध्ये क्रीडा लवादाने अपील फेटाळलं आणि सातव्या आलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला वरची जागा मिळाली.

म्हणजे प्रश्न दोन होते. जागा कमावली का? कमावली. ती घ्यायला हे चालतात का? नाही चालत. इंग्रजीत या दोहोंना ‘क्वालिफाइड’ आणि ‘एलिजिबल’ असे दोन निराळे शब्द आहेत. आपण दोन्हींना ‘पात्र’ म्हणतो.

आपल्याकडे ही अडचण कुणाला कळत असेल, तर ती प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्यांना. काही वर्षांपूर्वी भाचीच्या प्रवेशासाठी एका कॉलेजात गेलो होतो. गुणवत्ता यादीत नाव, क्रमांक, सगळं जागच्या जागी. खिडकीतल्या बाईंनी फाईल उलटीसुलटी केली, एक प्लॅस्टिकची पिशवी रिकामी निघाली त्यावर बोट ठेवलं आणि मान वर न करता म्हणाल्या, “नंबर लागलाय हो, पण पात्र नाही. पडताळणीचा दाखला कुठंय?” त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. शब्दांच्या बाबतीत मात्र बाई चोख होत्या. नंबर लागणं ही एक गोष्ट आणि पात्र असणं ही दुसरी. क्रिस्टल पॅलेसचा नंबर लागला होता. दाखला नव्हता.

आता ‘पात्र’ या शब्दाच्या पोटात शिरू. संस्कृतात ‘पा’ म्हणजे पिणे आणि पात्र म्हणजे ज्यातून प्यायचं ते भांडं. त्यावरून नदीचं पात्र, नाटकातलं पात्र आणि दान घ्यायला योग्य माणूस तोही पात्र. ‘सत्पात्री दान’ आपण अजून म्हणतो. भांडं गळकं नाही ना, स्वच्छ आहे ना, घातलेलं धरून ठेवील ना, हे देणारा बघतो. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी जिंकणं नाहीच, तपासणी आहे. ‘पात्रापात्र विचार’ कोण करतो? देणारा. यूएफा परवाना देताना नेमकं हेच करते: हिशेब, थकबाकी, मैदान, मालकी. तेव्हा ‘पात्र’ हा शब्द कुणाला द्यायचा असेल, तर माझं मत यूएफाच्या टेबलाला द्या. मैदानावरच्या कमाईसाठी दुसरे शब्द आहेत.

(जाता जाता : ‘चषक’ हेही मुळात पिण्याचंच भांडं, त्यातही मद्याचं. म्हणजे ‘चषकासाठी पात्र’ म्हणताना आपण एका भांड्यासाठी दुसरं भांडं पुढे करत असतो. रणजी ‘करंडक’ घ्या, तर ती डबी; घरचा कुंकवाचा करंडा त्याचाच भाऊ.)

सरकारी मराठीने हा घोळ ओळखून ‘अर्हता’ पुढे केली. नोकरीच्या जाहिरातीत ‘शैक्षणिक अर्हता’, मतदार यादीवर ‘१ जानेवारी या अर्हता दिनांकावर आधारित’. ‘अर्ह’ म्हणजे हक्क असणं, लायक असणं. अर्थाने हा शब्द आपल्या कामाला अगदी फिट बसतो. पण ‘पॅलेसने युरोपा लीगची अर्हता प्राप्त केली’ हे वाचून मला तरी तलाठी भरती आठवते. खेळाच्या पानावर तो चालणार नाही, आणि चालवूही नये.

मग काय चालतं? इथे क्रियापदाकडे बघायला हवं. नाम नंतर बघू. ‘पात्र ठरला’मध्ये ‘ठरणे’ आहे, आणि ‘ठरणे’ला कर्तबगारी लागत नाही. कुणीतरी ठरवतं, आपण ठरतो. फॉरेस्टचंच बघा. युरोपा लीगची जागा मिळवायला जुलै-ऑगस्टमध्ये त्यांनी चेंडूला पायही लावला नव्हता. त्यांच्याबद्दल ‘पात्रता मिळवली’ म्हणणं चूक. ‘पात्र ठरले’ चालेल. सगळ्यांत नेमकं म्हणजे ‘फॉरेस्टची वर्णी लागली’. मराठीत वर्णी लागते तेव्हा त्यात थोडं नशीब, थोडी दुसऱ्याची अडचण असतेच.

उलट बाजूला ‘पत्ता कटणे’. २०२४च्या मेमध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने सिटीला २-१ हरवलं. युनायटेड लीगमध्ये आठवा होता, तरी चषकाच्या जोरावर युरोपा लीगमध्ये गेला. त्यामुळे सहावा आलेला चेल्सी कॉन्फरन्स लीगमध्ये उतरला आणि सातव्या न्यूकॅसलच्या हाती काहीच उरलं नाही. न्यूकॅसल त्या दिवशी खेळतही नव्हता. सिटी जिंकली असती, तर विजेत्याची जागा लीगमध्ये खाली सरकली असती आणि न्यूकॅसल युरोपात गेला असता. आता याला ‘न्यूकॅसल अपात्र ठरला’ म्हणणार का? मुळीच नाही. त्यांच्यात काही खोट नव्हती. न्यूकॅसलचा पत्ता कटला, जागा हुकली, इतकंच.

तीच गोष्ट २०१२च्या टॉटनहॅमची. चौथा नंबर, म्हणजे नेहमीच्या हिशेबाने युरोपातली सगळ्यांत वरची स्पर्धा, चॅम्पियन्स लीग. पण सहावा आलेला चेल्सी म्युनिकमध्ये युरोपचा विजेता झाला, एका देशाला तेव्हा चारच जागा, आणि टॉटनहॅमची जागा गेली. नियतीने उधारी फेडली ती २०२५मध्ये : लीगमध्ये सतरावा, म्हणजे खालच्या श्रेणीत जाणाऱ्या तिघांच्या जेमतेम वर, आणि बिलबाओत युनायटेडला १-० हरवून युरोपा लीग जिंकल्यामुळे थेट चॅम्पियन्स लीगमध्ये. सतराव्या संघाबद्दल ‘पात्र’ लिहिताना माझा हात जरा अडखळतो. ‘प्रवेश मिळवला’ मात्र खुशाल लिहितो.

आणि ‘अपात्र’ जिथे शंभर टक्के योग्य आहे ते उदाहरण पोर्टस्मथचं. २०१०मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात ते चेल्सीकडून ०-१ हरले. चेल्सी चॅम्पियन्स लीगमध्ये असल्याने त्या काळच्या नियमाप्रमाणे उपविजेत्याला युरोपा लीगची जागा मिळायची. पण क्लब दिवाळखोरीच्या दारात, प्रशासकाच्या हाती, यूएफाचा परवाना नाही. जागेचे मानकरी होते, घ्यायला अपात्र होते. ती जागा सातव्या लिव्हरपूलकडे गेली. (हरलेल्याला जागा देण्याची ती पद्धत नंतर बंद झाली. आता विजेत्याला चषकाची जागा नको असेल, तर ती लीगमध्ये खाली सरकते.)

‘पात्रता फेरी’ हा आणखी एक गुंता. लिव्हरपूलने २००५मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकली, पण घरच्या लीगमध्ये ते पाचवे. विजेत्याला पुढच्या वर्षी आपोआप प्रवेश असा नियमच तेव्हा नव्हता. यूएफाने खास बाब म्हणून त्यांना घेतलं, तेही पहिल्या पात्रता फेरीपासून, आणि युरोपचे विजेते जुलैमध्ये वेल्सच्या एका छोट्या क्लबशी खेळले. तेव्हा ‘लिव्हरपूल पात्रता फेरीसाठी पात्र ठरला’ असं वाक्य कुणी लिहिलं असेल, तर त्याला दोष देता येत नाही. तरी ‘पात्रता फेरीत प्रवेश’ लिहिलं की कानाला त्रास होत नाही.

एफए कपमध्ये तर प्रीमियर लीगचे क्लब कशालाच पात्र वगैरे ठरत नाहीत. ऑगस्टपासून गावोगावचे छोटे क्लब पात्रता फेऱ्यांतून घासत वर येतात, सातशेहून अधिक संघ असतात, आणि वरच्या दोन श्रेणींचे संघ जानेवारीत एकदम तिसऱ्या फेरीत उतरतात. त्यांना ‘थेट प्रवेश’ म्हणावं. आपल्या कबड्डी-खोखोवाल्यांचा ‘पुढे चाल’ इथे वापरायचा मोह होईल. पण पुढे चाल मिळते ती समोर प्रतिस्पर्धी नसला म्हणजे. इथे ठराविक फेरीपासूनच यायचं, हा नियम आहे. ‘धडक मारली’ हेही जपून. धडक त्याच स्पर्धेच्या पुढच्या फेरीत मारतात : उपांत्य फेरीत, अंतिम फेरीत. पुढच्या वर्षी सुरू होणाऱ्या स्पर्धेत आज कोण कसली धडक मारणार?

घरच्या बातमीवर घासून बघू. एफसी गोवाने मे २०२५मध्ये सुपर कप जिंकला. मिळाली ती आशियाई चॅम्पियन्स लीग टूची जागा नव्हे, तिच्या दाराशी एक सामना. ऑगस्टमध्ये फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला २-१ हरवल्यावर गट मिळाला, आणि त्या गटात सौदी अरेबियाचा अल नासर. मी लिहिलं असतं : ‘सुपर कप जिंकून गोव्याने पात्रता सामना मिळवला, आणि तो जिंकून स्पर्धेत प्रवेश.’

तुमचं वाक्य मग असं करा : ‘क्रिस्टल पॅलेसने युरोपा लीगची जागा जिंकली, पण मालकीच्या नियमामुळे तिथे खेळायला अपात्र ठरला.’ घरचे हसले, तर ते बातमीला हसतील.

शेवटी तुम्ही न विचारलेलं, पण वाक्यात दिसलेलं. क्लबाचं नाव कुठल्याही लिंगाचं वाटो, मागे ‘क्लब’ किंवा ‘संघ’ गृहीत धरून ‘ठरला’ लिहिलंत ते बरोबर. सिटी मात्र माझ्याही हातून सवयीने ‘जिंकली’ होते, वर झालीच आहे बघा. ती तशीच राहू दे.