फेटेवाली

*ताई, मी ४१ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. महिन्यातून चार-पाचदा अर्धशिशीनं डोकं उठतं. उजेड सोसत नाही, फोडणीच्या वासानंही उलटी होते. नवरा म्हणतो, ‘डोकंच दुखतंय ना?’ परवा जोन डिडियन या अमेरिकन लेखिकेचा अर्धशिशीवरचा १९६८ सालचा ‘इन बेड’ हा लेख वाचला आणि ढसाढसा रडले. माझंच कुणीतरी लिहून ठेवलंय असं वाटलं. कऱ्हाडला आई असते, तिचंही दुखायचं. कपाळाला फडकं बांधून भाकरी थापायची, आम्ही भावंडं तिला फेटेवाली म्हणायचो. असो. नवऱ्याला हा लेख कसा वाचायला लावू?*

‘असो’ म्हणून तू पुढे गेलीस, मी तिथंच अडकलेय.

नवऱ्याचं राहू दे. ‘डोकंच दुखतंय ना’ हे तुला एवढं लागलं. तुमच्या घरात ते आधी कुणी म्हटलं होतं, सांग बघू? तुम्हीच. शब्द तेवढा वेगळा होता.

लेख पुन्हा उघड. आपलं डोकं का दुखतं हे सांगताना ती बाई दोन्ही आज्यांचं, आईचं आणि वडिलांचं नाव घेते, त्यांनाही हेच होतं म्हणून. रडता रडता नेमकी हीच ओळ तुझ्या हातून निसटली? अर्धशिशी बऱ्याचदा घराण्यातूनच येते. तू पडदे ओढून पडतेस. तुझ्या आईपुढं जाळ होता, धूर होता आणि ताटं घेऊन बसलेली तुम्ही पोरं होती. एकदा उठलेलं डोकं तीन-तीन दिवस राहू शकतं. ते तीन दिवस भाकऱ्या कोण थापत होतं? फडकं करकचून आवळलं की ठणका जरा दबतो, म्हणून तो फेटा.

(तुझ्याकडे गोळ्या आहेत, त्याही जपून घे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातले पंधरा दिवस पोटात जायला लागल्या की त्यांनीच डोकं दुखायला लागतं. इतक्यांदा होतंय तर न्यूरॉलॉजिस्टला दाखव, झटके कमी करणारी वेगळी औषधं असतात.)

या शनिवारी कऱ्हाडची एसटी धर. लेख बरोबर ने आणि तिच्याजवळ बसून मराठीत सांगत सांगत वाच. ती म्हणेल, ‘आता कुठं दुखतंय गं माझं.’ खरंही असेल, पाळी गेल्यावर पुष्कळ बायकांची अर्धशिशी ओसरते. तरी वाच. माफी-बिफी मागू नकोस, बिचारी ओशाळेल आणि चहा टाकायला उठून जाईल. एवढंच विचार, ‘आई, तुझी कुठली बाजू दुखायची?’

आणि मग गप्प बस. इतक्या वर्षांत हे तिला कुणी विचारलेलं नसणार, बोलायला जरा वेळ लागेल.

नवऱ्याबद्दल परत आल्यावर लिही.