गळ्याची गाठ आणि जुने ब्लॉक

रावेरहून एक काका : पुतण्या 21 वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा निघाला. केमो, ऑपरेशन सगळं झालं. आता गळ्याला गाठ आलीय. सोनोग्राफीत 'थायरॉइडमध्ये कॅल्शियम' लिहिलंय. हाडाचा कॅन्सर गळ्यात येतो का, डॉक्टर?

काका, येतो, पण फारच क्वचित. हा आजार पसरला तर बहुतेक वेळा आधी फुप्फुसात जातो, मग दुसऱ्या हाडांत. थायरॉइडमध्ये गेल्याच्या नोंदी मोजक्याच आहेत. कॅल्शियम साध्या जुन्या गाठीतही साठतं आणि थायरॉइडच्या स्वतःच्या कॅन्सरमध्येही. त्यामुळे नुसत्या सोनोग्राफीवर घाबरू नका, पण थांबूही नका. सुईची तपासणी याच आठवड्यात करा आणि तिथे गुडघ्याचं आधी सांगा. गळा दाखवायला आलोय, पायाचं कशाला सांगायचं, म्हणून माणसं गप्प बसतात. निदान इथेच हुकतं.

शिरपूरहून एक ताई : माझा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) नॉर्मल आहे, तरी सुई कशाला? सुईने कॅन्सर पसरतो म्हणतात.

ताई, टीएसएचवरून ग्रंथीचं काम कळतं, गाठ कसली ते नाही. कॅन्सर असूनही तो बहुधा नॉर्मलच येतो. बारीक सुईने पसरण्याचा धोका नगण्य आहे.

चोपड्याहून एक भाऊ : धाकट्या भावाच्या मांडीच्या हाडाचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता गळ्याच्या गाठीच्या रिपोर्टात 'सार्कोमासारख्या पेशी' आल्यात. कॅन्सर थायरॉइडचाच की हाडाचा, कसं ठरवता?

गाठीत सुई वाळूत शिरल्यासारखी करकरली की मी सावध होते. पण बारीक सुईत पेशी सुट्या येतात, त्यांची मांडणी कळत नाही. म्हणून जाड सुईची बायोप्सी लागते. हाडाचा कॅन्सर असेल तर काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली, वेड्यावाकड्या पेशींच्या मधे गुलाबी, जाळीदार, अर्धवट झालेलं हाड दिसतं आणि शेजारी थायरॉइडच्या गोल पिशव्या धडधाकट असतात. थायरॉइडचा अ‍ॅनाप्लास्टिक (पेशींची ओळख पुसलेला, झपाट्याने वाढणारा) कॅन्सरही क्वचित हेच सोंग घेतो, पण तो सहसा साठीनंतरचा. मग आयएचसी, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगाने दाखवणारी तपासणी, करतो : थायरोग्लोब्युलिन, टीटीएफ-1 आले तर बोट थायरॉइडकडे, एसएटीबी2 आला तर हाडाकडे. यातल्या एकट्यावर निकाल देऊ नये. अ‍ॅनाप्लास्टिकमध्ये थायरॉइडच्या खुणा पुसलेल्या असू शकतात.

मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते मांडीच्या ऑपरेशनचे जुने ब्लॉक, म्हणजे तेव्हा काढलेल्या गाठीचे मेणात बसवलेले तुकडे. त्यांची काच आणि गळ्याच्या गाठीची काच शेजारी ठेवली की पेशींची जात ओळखू येते. छातीचा सीटीही करून घ्या. ब्लॉक ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून मागा. ते मेणाचे असतात, आपल्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवू नका. पिशवीत घालून, सावलीतून, स्वतः घेऊन या.