सुकन्येचे पैसे थांबवून गणिताचं पॅकेज घ्यावं का?

प्रश्न : विट्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मुलगी सहावीत, मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा एम-थ्री (इंजिनिअरिंग गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय. मुलीसाठी एका ॲपचं तीन वर्षांचं गणिताचं पॅकेज सुचवलंय. नो-कॉस्ट ईएमआयवर 3,000 चे 24 हप्ते, रोख भरले तर 64,000. ती तीन वर्षांची असताना उघडलेल्या सुकन्या समृद्धी खात्यात महिना 2,000 भरतो, ते दोन वर्षं थांबवायचा विचार आहे. मुलगा एम-थ्रीच्या क्लासला 6,000 मागतोय, पण त्याने ते फुकटात यूट्यूबवर करावं असं मला वाटतं. सोबत मुलीच्या चाचणीच्या पेपरचा फोटो जोडलाय.

उत्तर : मी असतो तर नेमकं उलटं केलं असतं. पॅकेज नको, क्लासचे सहा हजार द्या.

आधी त्या ‘नो-कॉस्ट’कडे बघू. रोखीत 64,000 ला मिळणारी गोष्ट हप्त्यांनी 72,000 ला पडते. वरचे आठ हजार म्हणजे व्याजच, किमतीत मुरवलेलं. हिशेब मांडला तर दर साल साडेअकरा टक्क्यांच्या आसपास जातो. आणि असं कर्ज बहुधा फायनान्स कंपनीचं, तुमच्या नावावर असतं. मुलीने तिसऱ्या महिन्यात ॲप उघडणं सोडलं तरी हप्ता चालू, आणि तो चुकला तर उद्या दुकानासाठी कर्ज मागताना सिबिल स्कोअर (कर्जफेडीचे गुण) आडवा येतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये पालकांना ॲपच्या ऑटो-डेबिटबद्दल, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याबद्दल, सावध केलं होतं.

सुकन्येचे दोन वर्षांचे 48,000, दर 8.2 टक्के धरला तर, मुलगी चोवीस वर्षांची होऊन खातं पूर्ण होईल तेव्हा सव्वा लाखाच्या घरात जातात, तेही करमुक्त. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, तेव्हा आकडा थोडा हलेल. पण हे पैसे थांबवू नका.

आता तो पेपर. पोरीने 2/3 + 1/4 = 3/7 लिहिलंय. वरच्यात वरचा, खालच्यात खालचा मिळवला. पुढच्या दोन गणितांतही तेच. तिला छेद समान का करायचे हे कळलेलं नाही. बाकी गुणाकार, भागाकार चोख आहेत. हे दुखणं तीन वर्षांचं नाही, तीन आठवड्यांचं आहे. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाचवीचं पुस्तक फुकट उतरवून घ्या आणि अपूर्णांकांचं प्रकरण पुन्हा करून घ्या. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. सरावाला खान अकॅडमी आहे. ती ना-नफा संस्था आहे, चूक झाली की पायरीपायरीने इशारे देते. आठवी-नववीत एनसीईआरटीची एक्झेम्प्लर (जादा सरावाची) पुस्तकं आणि भूमितीच्या आकृत्यांना जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर. सगळं फुकट.

फुकट मिळत नाही ते वही तपासणारं माणूस. मीही माझ्या लेकासाठी एक महागडं पॅकेज घेतलं होतं; त्याचा टॅब सध्या आमच्या आई कीर्तन ऐकायला वापरतात. तेव्हा गल्लीत बी.एस्सी. करणारी एखादी ताई गाठा, आठवड्यातून तीन दिवस तासभर बसायचे महिना हजार रुपये द्या. अवघड कुठे जातंय हे तिला वहीवरून कळेल.

मुलाचं वेगळं. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, पैसे लागतात ते फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. एम-थ्रीतल्या लाप्लास ट्रान्सफॉर्म या भागासाठी टेक्सासच्या लामार विद्यापीठातल्या पॉल डॉकिन्स यांच्या मोफत नोट्स तर मी डोळे झाकून सुचवतो. विषय समजून घ्यायला हे उत्तमच. पण त्याला पेपर पास करायचाय, तोही विद्यापीठाच्या पॅटर्नचा. जुने पेपर समोर बसवून सोडवून घेणारे सर त्यासाठी सहा हजारांना महाग नाहीत. बॅकलॉग साचून वर्ष गेलं तर एका वर्षाची फी, मेस आणि खोलीभाडं किती होतं ते तुम्हीच मोजा. फक्त आधी एक लेक्चर बसून बघू द्या आणि फी दोन टप्प्यांत भरा.

म्हणजे हप्त्याला काढलेल्या तीन हजारांतले दोन सुकन्येत, एक ताईला. पॅकेजवाल्यांचा ‘ऑफर आज रात्रीपर्यंतच’ असा फोन येईलच. तेव्हा ओटीपी मात्र सांगू नका.